घर घेताना गाडीची जागाही पाहा : कोल्हापूरच्या उपनगरांतील वाहनतळाचा प्रश्न

सायंकाळी साडेसात-आठनंतर आर. के. नगर, पाचगाव, कळंबा, उचगाव किंवा फुलेवाडी रिंगरोड परिसरातील कोणत्याही नव्या वसाहतीत फेरफटका मारला, तर एकच दृश्य दिसते. इमारतीच्या तळमजल्यावर दुचाकी एकमेकींना खेटून उभ्या असतात, फाटकाबाहेर रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारी लागलेल्या असतात आणि उशिरा घरी परतणारा गृहस्थ जागेच्या शोधात कॉलनीला दुसरी प्रदक्षिणा घालत असतो. सकाळी कामाला निघताना कोणाची गाडी कोणाच्या आड आली यावरून दिवसाची सुरुवात वादाने होते. आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचे कर्ज घालून घेतलेल्या घराचा आनंद या एका कारणाने कोमेजतो. हा प्रश्न केवळ शिस्तीचा नाही. त्यामागे शहराच्या वाढीचा इतिहास, बांधकामाचे नियम, खरेदीचा करारनामा आणि सार्वजनिक रस्त्यावरील हक्क अशा अनेक बाबी गुंतलेल्या आहेत. सर्वसामान्य ग्राहकाला त्यांची माहिती असणे आवश्यक आहे.

शहर वाढले, हद्द राहिली

कोल्हापूर नगरपालिकेचे रूपांतर महापालिकेत झाले ते १९७२ मध्ये. सुमारे ६६.८२ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात २०११ च्या जनगणनेनुसार ५ लाख ४९ हजार लोक राहत होते. या काळात शहर सर्व दिशांनी पसरले. मात्र हद्दवाढीचा प्रश्न अनेक दशके चर्चेत आणि आंदोलनांतच अडकून राहिला. शहरात जागेचे भाव परवडत नाहीत म्हणून मध्यमवर्गीय कुटुंबे पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, सरनोबतवाडी, उजळाईवाडी, शिंगणापूर या गावांकडे वळली. कालपर्यंत जेथे उसाचे फड होते, तेथे आज चार-पाच मजली इमारती आणि बंगल्यांच्या रांगा आहेत.

ही गावे महसुली दप्तरात गावेच राहिली, राहणीमान मात्र शहरी झाले. २०१७ मध्ये शासनाने हद्दवाढीला पर्याय म्हणून ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन केले. परंतु तोपर्यंत अनेक वसाहतींचे रस्ते आणि भूखंड ठरून गेले होते. बैलगाडीच्या पाणंदीवरून पुढे आलेला रस्ता रातोरात रुंद होत नाही. त्याच्या कडेला उभी राहिलेली पाच मजली इमारत मात्र वर्ष-दीड वर्षात चाळीस-पन्नास वाहने घेऊन येते.

उपनगरात राहायला गेलेल्या कुटुंबाला वाहनांची गरजही अधिक भासते. नोकरी शहरात, मुलांची शाळा एका टोकाला, शिकवणी दुसऱ्या टोकाला आणि केएमटीची बस वेळेवर मिळेल याची खात्री नाही, अशा स्थितीत घरटी दोन दुचाकी ही चैन न राहता गरज होते. त्यात पुढे एखादी मोटार येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे कामकाज कोल्हापुरात सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांचे वकील व पक्षकार येथे येऊ लागले. त्यामुळे भाऊसिंगजी रस्त्यावरील वाहनतळाची चर्चा झाली, ती योग्यच होती. पण दिवसा शहराच्या मध्यभागी जाणवणारी हीच टंचाई रात्री उपनगरांच्या गल्लीबोळांत मुक्कामाला येते, याकडे फारसे लक्ष जात नाही.

एका गुंठ्याचे गणित

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा. शेतजमिनीचे असे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून झालेली विक्री हा महाराष्ट्रातील बहुतेक शहरांच्या उपनगरांचा पाया आहे. अशा बांधकामांना कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारी कायदा करण्यात आला. पुढे २०२१ मधील दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीलाही त्याचा लाभ देण्यात आला. घरे नियमित झाली, परंतु जी जागा मुळातच सोडलेली नव्हती ती कागदावरील नियमितीकरणाने निर्माण होत नाही.

एका मोटारीसाठी नियमाप्रमाणे अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर किंवा सुमारे १३५ चौरस फूट जागा लागते. गुंठाभर जागेचा हा आठवा हिस्सा झाला. शिवाय गाडी वळवण्यासाठी आणि आत-बाहेर करण्यासाठी लागणारी जागा निराळीच. दिल्लीच्या २०२१ पर्यंतच्या बृहत् आराखड्यात हा सर्व हिशेब धरून एका मोटारीमागे उघड्यावर २३, तळमजल्याच्या आच्छादित जागेत २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर क्षेत्र गृहीत धरले होते. म्हणजे एक मोटार नीट लावता यावी यासाठी एका लहानशा खोलीहून अधिक जागा खर्ची पडते. गुंठ्याच्या भूखंडावर घर बांधणारा माणूस अर्थातच ती जागा खोलीसाठी वापरतो आणि मोटार रस्त्यावर येते.

नियम काय सांगतो?

राज्यात मुंबई व काही मोजके क्षेत्र वगळता डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. इमारतीचा नकाशा मंजूर करताना किती मोटारी आणि किती दुचाकींची सोय दाखवावी, हे या नियमावलीतील तक्त्यांवरून ठरते. सदनिकेच्या चटई क्षेत्रावर ही संख्या अवलंबून असते. मोठ्या सदनिकेला स्वतंत्र मोटारीची जागा द्यावी लागते. ४० ते ८० चौरस मीटर चटई क्षेत्राच्या, म्हणजे आपण ज्यांना दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघराची घरे म्हणतो त्या सदनिकांसाठी दोन सदनिकांमागे एक मोटार आणि त्याबरोबर दुचाकी असा हिशेब असतो. शहराच्या वर्गानुसार या संख्येला गुणक लावला जातो. पाहुण्यांच्या वाहनांसाठी काही जागा अधिक ठेवावी लागते.

येथे ग्राहकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इमारत नियमाप्रमाणे बांधली आहे याचा अर्थ प्रत्येक सदनिकेला मोटारीची जागा आहे, असा होत नाही. वीस मध्यम सदनिकांच्या इमारतीत नियमाचे काटेकोर पालन करूनही मोटारींसाठी दहाच जागा असू शकतात. त्यांतील पंधरा कुटुंबांनी मोटार घेतली तर पाच मोटारी रस्त्यावर येणारच. यात बांधकाम व्यावसायिकाने नियम मोडलेला नसतो आणि रहिवाशांचाही गुन्हा नसतो. या नियमावलीत मोटारींसाठीच्या जागांचे प्रमाण कमी केल्याच्या मुद्द्यावर उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली होती. २०२१ मध्ये तिच्या सुनावणीत, पुरेशी जागा नसताना एकाच सदनिकेच्या मालकाला चार-पाच गाड्या ठेवू देऊ नयेत, असे मत न्यायालयाने तोंडी व्यक्त केले होते.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. मंजूर नकाशात वाहनतळ दाखवायचा, भोगवटा प्रमाणपत्र मिळवायचे आणि नंतर त्याच जागेत दुकानगाळा, गोदाम, कार्यालय किंवा पहारेकऱ्याची खोली काढायची, हा प्रकार शहरांना नवा नाही. मंजूर वापर परस्पर बदलणे हा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चा भंग ठरतो आणि नियोजन प्राधिकरणाला नोटीस देऊन कारवाई करता येते. मात्र त्यासाठी मंजूर नकाशा हाती असणे आणि रहिवाशांनी लेखी तक्रार करणे आवश्यक असते.

वाहनतळाची जागा विकता येते का?

या प्रश्नाचे उत्तर सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. दोन कालखंड आणि दोन कायदे येथे वेगळे करावे लागतात.

मुंबईत दहिसर येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी महत्त्वाचा निकाल दिला. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्यानुसार, ज्याला सर्वजण ‘मोफा’ म्हणतात, इमारतीखालील खांबांमधील जागा, म्हणजे स्टिल्ट, ही ‘गॅरेज’ नव्हे. ती सामाईक क्षेत्राचा भाग आहे आणि बांधकाम व्यावसायिकाला ती स्वतंत्रपणे विकण्याचा अधिकार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

त्यानंतर २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला आणि २०१७ मध्ये महारेराचे कामकाज सुरू झाले. या कायद्याने उघड्यावरील वाहनतळ सामाईक क्षेत्रात धरला आहे. तो पैसे घेऊन विकता येत नाही. राज्याच्या नियमांत मात्र ‘आच्छादित वाहनतळ’ अशी वेगळी व्याख्या आहे. तळघर, स्टिल्ट, पोडियम किंवा यांत्रिक वाहनतळातील मंजूर जागा तीत येतात आणि त्यांचा मोबदला घेता येतो. महारेराने ३० जुलै २०२१ च्या परिपत्रकात हा फरक स्पष्ट केला. पुढे जागा अपुरी असणे, मध्येच तुळई येणे, गाडी आत नेताच न येणे अशा तक्रारी वाढल्यामुळे २०२४ मध्ये महारेराने आणखी एक पाऊल टाकले. वाहनतळाचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि त्याचे नेमके ठिकाण हा तपशील वाटपपत्र व विक्री करारनाम्यासोबत जोडणे बंधनकारक केले.

कोल्हापूरच्या दृष्टीने यात एक पळवाट राहते. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील, तर अशा प्रकल्पाला रेरा नोंदणी सक्तीची नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे जवळपास पाच गुंठे. उपनगरांतील लहान अपार्टमेंट बहुधा याच आकाराची असतात. तेथे ग्राहकाला महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नकाशा मिळत नाही. करारनामा स्वतः बारकाईने वाचणे हाच आधार उरतो. ‘पार्किंगचे बघून घेऊ’ या तोंडी आश्वासनाला कागदावर किंमत नसते.

सोसायटीत आणि अपार्टमेंटमध्ये वाटप

इमारतीचा कारभार सहकारी गृहनिर्माण संस्थेकडे असेल, तर आदर्श उपविधी मार्गदर्शक ठरतात. त्यांनुसार वाहनतळाच्या जागेचे वाटप संस्था करते, शुल्क सर्वसाधारण सभा ठरवते आणि सभासदाला संस्थेने दिलेली जागा परस्पर विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. जागेपेक्षा वाहने अधिक असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करण्याची तरतूद आहे. ज्याची चिठ्ठी यंदा निघाली नाही त्याला पुढील वर्षी संधी मिळते. एखाद्या सभासदाकडे मोटार नसेल, तरी त्याचा सामाईक जागेवरील हक्क संपत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. संस्थेशी वाद मिटला नाही तर प्रश्नाच्या स्वरूपानुसार उपनिबंधक किंवा सहकार न्यायालय यांच्याकडे दाद मागता येते.

कोल्हापुरातील अनेक इमारती मात्र संस्था नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील आहेत. तेथे घोषणापत्र हा मूळ दस्त असतो. कोणती जागा सर्वांची आणि कोणती जागा ठरावीक सदनिकाधारकांच्या वापरासाठी राखीव, हे त्यात नमूद असते. जुन्या इमारतीतील सदनिका विकत घेताना पुष्कळ लोक सातबारा किंवा मिळकतपत्रिका पाहतात, करारनामा पाहतात; परंतु घोषणापत्र मागत नाहीत. पुढे गाडी लावण्यावरून वाद झाला की ते शोधण्याची धावपळ होते.

रस्ता कोणाचा?

‘माझ्या घरासमोरील रस्ता माझ्या गाडीसाठी’ ही समजूत सर्वत्र आढळते. फाटकाशेजारी कुंड्या, दगड, जुने टायर ठेवून जागा अडवणे हा तिचाच आविष्कार होय. कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक रस्त्यावर घरमालकाचा असा कोणताही खास हक्क नाही. स्वतःच्या खर्चाने लावलेल्या ‘नो पार्किंग’च्या पाटीलाही अधिकृत आदेशाचे बळ नसते. कोठे वाहने लावावीत आणि कोठे लावू नयेत हे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११७ नुसार स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून ठरवले जाते. असे असले तरी दुसऱ्याचे प्रवेशद्वार अडवणे, पदपथावर, वळणावर, चौकालगत किंवा बसथांब्याजवळ वाहन लावणे नियमबाह्यच आहे. धोकादायक किंवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन सोडून जाण्यास कलम १२२ नुसार मनाई आहे, तर कलम १२७ नुसार बेवारस वा मनाई असलेल्या ठिकाणी उभे केलेले वाहन उचलून नेता येते.

ही तरतूद कागदावर जितकी स्पष्ट आहे तितकी उपनगरात सोपी नाही. एकाच रस्त्याचा अर्धा भाग महापालिकेत, अर्धा ग्रामपंचायतीत, बांधकाम परवानगी प्राधिकरणाकडे आणि वाहतुकीची जबाबदारी पोलिसांकडे अशी विभागणी असते. तक्रार घेऊन जाणारा नागरिक एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जात राहतो.

यातील खरा धोका रुंदीचा आहे. सहा मीटरच्या रस्त्यातून गटार आणि विजेचे खांब वगळता पाच मीटर उरतात असे धरू. मोटार कडेपासून साधारण दोन मीटर जागा व्यापते. एका बाजूला मोटारी लावल्या तर तीन मीटर मोकळे राहतात. दोन्ही बाजूंना लावल्या तर मध्ये एक मीटर, म्हणजे जेमतेम एका दुचाकीपुरती वाट उरते. अग्निशमन दलाचा बंब सुमारे अडीच मीटर रुंद असतो. रात्री दोन वाजता एखाद्या घरात गॅसचा भडका उडाला किंवा वृद्धाच्या छातीत कळ आली, तर बंब किंवा रुग्णवाहिका वळणावरच थांबते. झोपलेल्या मालकांना उठवून गाड्या काढायला लावण्यात जी दहा-पंधरा मिनिटे जातात, ती परत मिळत नाहीत. गाडी कोठे लावावी हा प्रश्न अशा वेळी सोयीचा न राहता जीविताचा होतो.

पुराचे पाणी आणि तळमजला

कोल्हापूरला आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, तो म्हणजे पंचगंगेचा. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. नागाळा पार्क, रमणमळा, शाहूपुरीचा काही भाग येथील इमारतींच्या तळमजल्यांत पाणी शिरले. राहते मजले कोरडे राहिले तरी खाली लावलेली वाहने पाण्यात गेली.

त्यामुळे पूररेषेलगतच्या इमारतीत तळघरातील किंवा खोलगट तळमजल्यावरील वाहनतळ किती उपयोगाचा, हे खरेदीपूर्वीच विचारले पाहिजे. निळी आणि लाल पूररेषा आपल्या इमारतीच्या संदर्भात कोठून जाते, हे नगररचना विभागाकडे समजते. पुराचा इशारा मिळताच वाहने उंच भागात हलवण्याचे नियोजन इमारतीतील रहिवाशांनी आधीच केलेले असावे. ऐनवेळी सर्वांच्या गाड्या एकाच रस्त्यावर आल्या की बचावपथकाच्या वाहनांचीच वाट अडते.

इतरत्र काय केले जाते?

जपानमध्ये १९६२ च्या कायद्यानुसार मोटार घेण्यापूर्वी ती ठेवण्याची जागा असल्याचे प्रमाणपत्र पोलिसांकडून घ्यावे लागते आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. तेथील गल्ल्या अरुंद असूनही रात्री मोकळ्या दिसतात, त्याचे एक कारण हा कायदा होय. महाराष्ट्रातही जागा नसेल तर वाहनाची नोंदणी करू नये, असा विचार २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी मांडला. मात्र जपानमध्ये सक्षम सार्वजनिक वाहतूक आहे. तिच्याशिवाय अशी सक्ती केली तर तिचा भार लहान घरात राहणाऱ्या माणसावरच अधिक पडेल, हा आक्षेपही विचारात घेण्याजोगा आहे.

केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वेगळा मुद्दा मांडला होता. शहरातील जमीन मौल्यवान आहे, म्हणून वाहनतळाचे शुल्क त्या जमिनीच्या मोलाशी सुसंगत असावे, असे त्यात म्हटले आहे. रस्त्यावर फुकट जागा मिळते तोवर इमारतीतील जागेसाठी कोणी पैसे मोजत नाही, हा अनुभव सर्वांचाच आहे. कोल्हापूरने अंबाबाई मंदिर परिसरातील भाविकांसाठी बिंदू चौक, गाडी अड्डा आणि सरस्वती टॉकीजजवळ वाहनतळाची सोय केली. उपनगरांसाठी तसा विचार करण्याची वेळ आली आहे. नव्या ले-आऊटमध्ये सामाईक वाहनतळाचा भूखंड राखणे, अरुंद रस्त्यांवर एकाच बाजूस वाहने लावण्याचा नियम करणे आणि सम-विषम तारखांची पाटी लावणे हे उपाय फारसे खर्चिक नाहीत.

खरेदीपूर्वी एवढे पाहा

मंजूर नकाशाची प्रत मागून वाहनतळाच्या जागा स्वतः मोजाव्यात. एकूण सदनिका आणि मोटारींच्या जागा यांचा ताळा घालावा. आपल्याला दिलेली जागा आच्छादित की उघड्यावरची, तिचा क्रमांक आणि मापे करारनाम्यात आहेत की नाहीत, हे तपासावे. उघड्या जागेसाठी वेगळी रक्कम मागितली जात असेल तर ती देऊ नये. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज ताबा घेण्याची घाई करू नये. प्रत्यक्ष जागेवर एकदा मोटार लावून पाहावी. खांब, तुळई आणि उतार कागदावर नीट दिसत नाहीत. समोरच्या रस्त्याची रुंदी टेपने मोजावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घर पाहायला रविवारी सकाळी न जाता एखाद्या कामाच्या दिवशी रात्री नऊनंतर जावे. त्या वेळी वसाहतीचे खरे रूप दिसते.

आधीच राहायला गेलेल्यांसाठी मार्ग थोडा वेगळा आहे. सर्व वाहनांची नोंद करून एक यादी करावी, वर्षातून एकदा सभेत वाटप ठरवावे, दीर्घकाळ न वापरलेली वाहने हलवावीत आणि रुग्णवाहिका व बंबासाठी एक वाट कायम मोकळी ठेवण्याचा ठराव करावा. कोल्हापूरच्या पेठांत तालमीच्या कट्ट्यावर बसून तंटे मिटवण्याची जुनी रीत आहे. उपनगरांतील नव्या वसाहतींना तसा कट्टा नाही. तेथे शेजारी एकमेकांना गाडीच्या नंबरावरून अधिक ओळखतात. इमारतीच्या मासिक सभेला ते काम करावे लागेल. नियमांतून सगळ्याच गाड्यांना जागा मिळणार नाही. परंतु मध्यरात्री शेजाऱ्याच्या दारात रुग्णवाहिका पोहोचेल एवढी वाट मोकळी ठेवणे प्रत्येक वसाहतीच्या हातात आहे आणि त्यासाठी कोणत्याही परवानगीची गरज नाही.